वहिनीची सातवी हरकत

माझी वहिनी आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडते. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी चार ते पावणेपाच. उरलेला सगळा आठवडा ती तीन खोल्या, न्हाणीघर आणि कपडे वाळत घालायची अरुंद गॅलरी एवढ्यातच वावरते. त्या पाऊण तासात ती दोन गल्ल्या ओलांडून प्रिंटच्या दुकानात जाते, जाड कागदावर चार-सहा रंगीत चित्रं छापून घेते आणि परत येते. तेवढा वेळ तिच्या जागी दादापाशी मी बसते. आणि हाच पाऊण तास तिच्या हातून काढून घ्यायचं काम मी केलं. कुणाच्या सांगण्यावरून का होईना, पण केलं, आणि अगदी चोख केलं. एका कारखान्याच्या खरेदी विभागात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला शोभेल इतकं चोख.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पेशाने घड्याळजी. तीन वर्षांपूर्वी सकाळी दाढी करताना तो आरशासमोरच खाली बसला, आणि त्या दिवसापासून उजवा हात, उजवा पाय आणि वाचा तिन्ही गेली. समज मात्र शाबूत राहिली. त्याच्या तोंडून आता एकच आवाज निघतो, "हं". होकाराला हं, नकाराला हं, चिडला तरी हं. पहिले दोन महिने त्या एका हंचा अर्थ लावता लावता वहिनीच्या नाकी नऊ आले. मग वाचा-उपचारवाल्या बाईंनी सांगितलं की त्याच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंचे फोटो काढा, जाड कागदावर छापा, आणि जे हवं त्याचं कार्ड त्याला उचलू दे.

वहिनीने ते मनावर घेतलं. त्याचा निळा पेला म्हणजे पाणी. त्याचा तपकिरी कप म्हणजे चहा. पंखा, खिडकी, चष्मा, उशी. लाल ठिपका म्हणजे दुखतंय. हिरवं कार्ड हो, काळं कार्ड नाही. उंबऱ्याशी काढून ठेवलेल्या त्याच्या जुन्या चपला म्हणजे बाहेर, हे डॉक्टरकडे न्यायच्या दिवसासाठी. आणि एका कार्डावर वहिनी स्वतः, गॅलरीत उभी, उन्हामुळे डोळे बारीक केलेली. हे कार्ड तिला बोलावण्यासाठी, आणि त्याच्या कडा सगळ्यात आधी झिजल्या. सगळी कार्डं दादाच्या दुकानातल्या खणाखणांच्या ट्रेमध्ये असतात. ज्या खणांत एकेकाळी काटे, स्प्रिंगा आणि नखाएवढे स्क्रू असायचे, त्यांतच आता त्याची सगळी भाषा ठेवलेली असते.

आता कुणी म्हणेल, काळ्या-पांढऱ्यात छापायची होती. तेही करून पाहिलं. पेला आणि कप एकाच आकाराचे दिसतात. पाणी मागितलं की चहा यायचा आणि मग हं-हंचा असा काही गोंधळ व्हायचा की दोघंही रडकुंडीला यायची. साध्या शाईची छपाई त्याच्या ओल्या बोटांनी फिसकटायची. प्लास्टिकचं आवरण घातलं तर खिडकीचा उजेड त्यावर चमकायचा आणि त्याला चित्रच दिसायचं नाही. म्हणून रंगीत, म्हणून लेझर, म्हणून जाड कागद. या तिन्ही गोष्टी दोन गल्ल्यांपलीकडच्या त्या एकाच दुकानात मिळायच्या. तिथला दुकानदार वहिनीला कार्डवाल्या बाई म्हणतो.

बरं, कार्डं हरवायचीही फार. दर चार दिवसांनी एखादं तरी गायब. "वन्सं, पाणी परत सापडेना हो," असं वहिनी म्हणाली की माझं डोकं फिरायचं. वहिनी माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, पण अजून मला अहो-जाहो करते. मी तिला अगं-तुगं करते. लग्न होऊन आली तेव्हा पडलेली रीत, दोघींनाही बदलायची आठवण राहिली नाही.

"अगं, एवढ्याशा घरात कार्ड जाईल कुठे?" मी म्हणायची. "जरा जागच्या जागी ठेवत जा ना."

ती लगेच शोधायला लागायची. कपाटाखाली झाडू घालून पाहायची, सोफ्याच्या फटीत बोटं घालायची. कुठेच नसायचं. हरवायचंही नेमकं सोमवारी संध्याकाळी नाहीतर गुरुवारी. एकतीस वर्षं मी कारखान्यात गहाळ मालाच्या नोंदी तपासल्या. अमुक वारी अमुक माल कमी येतो, हे माझ्या नजरेतून कधी सुटलं नाही. भावाच्या घरात मात्र सुटलं.

आता आमचे चिरंजीव. म्हणजे दादाचा मुलगा, माझा भाचा. परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि आईवर त्याची माया आहे, यात शंका नाही. ती माया तो फोनवरून करतो. आधी त्याने भाजी घरपोच लावली. "आई, आता तुला भाजीसाठी बाहेर पडायला नको." मग औषधं. मग किराणा. मग बँकेची कामं फोनवर आणून दिली, तेव्हा तर मीच वहिनीला तासभर बसून शिकवलं. दर वेळी तेच वाक्य, आता तुला बाहेर पडायला नको. वहिनी दर वेळी म्हणायची, "किती रे करतोस." आणि दर वेळी बाहेरच्या खोलीतल्या खुंटीवरची एकेक पिशवी घडी होऊन कपाटात जायची. आता त्या खुंटीवर एकच पिशवी उरली होती, प्रिंटच्या दुकानाची.

मग एका रविवारी त्याचा मला फोन आला.

"आत्या, आईला घरीच रंगीत लेझर प्रिंटर घेऊन देऊ या. त्या दुकानाच्या खेपा बंद होतील. तू बघशील? यातलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

मी विरघळले. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि "तुझ्याइतकं कुणाला कळतं" हे वाक्य ऐकायला कान आसुसले होते. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. मंगळवारी माझ्या मैत्रिणींचा पत्त्यांचा डाव असतो, दुपारी चारलाच. तीन वर्षं मी तो चुकवत होते. प्रिंटर आला की मंगळवार माझा, शुक्रवारही माझा. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. आता लिहिते आहे, कारण ते लपवलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

कारखान्यात मला तक्तेबाई म्हणायचे. कुठलंही यंत्र घ्यायचं तर तीन पुरवठादार, त्यांचे गुण-दोष समोरासमोर, असा तुलनातक्ता केल्याशिवाय माझ्या हातून कागद पुढे सरकत नसे. ज्याला यंत्र वापरायचं असे त्याच्या हरकती आम्ही एका रकान्यात लिहायचो आणि शेजारच्या रकान्यात निराकरण. सगळ्या हरकतींपुढे निराकरण आलं की सही. या सगळ्या पद्धतीत एकच प्रश्न कधी विचारला जात नसे, तो म्हणजे, तुम्हाला हे हवं आहे का? मागणी वरून आली की ती आलीच. मी तोच तक्ता घेऊन दादाच्या घरी गेले.

वहिनीने प्रिंटरचं ऐकलं आणि हातातला पोळपाट धुऊन झालेला असूनही पुन्हा धुवायला घेतला.

"जागा कुठे आहे, वन्सं?" ती म्हणाली.

मी लगेच हरकत एक अशी नोंद केली आणि मोजपट्टी काढली. बाहेरच्या खोलीत दादाचा पलंग, त्याची खिडकीपाशी ठेवलेली चाकांची खुर्ची, आणि वहिनी रात्री झोपते तो सोफा. आतल्या खोलीत कपाटं आणि शिवणयंत्र. शिवणयंत्रावर ती तीन वर्षांत बसलेली नव्हती. मी म्हणाले, हे गॅलरीत हलवू, त्या जागी प्रिंटर. निराकरण झालं.

चार दिवसांनी तिने दुसरी हरकत काढली. "ते यंत्र तापताना वीज फार ओढतं म्हणे. आपली वायरिंग जुनी आहे. दिवे मिणमिणतील." मी वायरमनला बोलावून वेगळा प्लग काढायचं ठरवून टाकलं. मग म्हणाली, त्याची पूड हवेत उडते आणि यांना ठसका लागेल. मी माहिती काढली, पूड बंद नळकांड्यांत असते आणि खिडकी उघडी ठेवली की पुरतं. मग म्हणाली, आवाजाने हे दचकतील. मी म्हणाले, हळू चालवायची सोय असते. तिला वाटत होतं ती मला थांबवते आहे, आणि मी मात्र प्रत्येक हरकतीसरशी खुशीत येत होते. वापरणारी व्यक्ती इतका बारकाईने विचार करते आहे, म्हणजे खरेदी चांगली होणार! माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही.

मग एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना तासभर दादापाशी बसवून मी वहिनीला यंत्रांच्या दुकानात घेऊन गेले. रस्त्यात ती सावकाश चालत होती. एका गाडीवाल्यापाशी उगाच थांबून केसांचे चाप पाहिले. मी घड्याळ दाखवलं, तशी हातातला चाप ठेवून निमूट चालू लागली.

दुकानात विक्रेत्याने तीन यंत्रं मांडली. पहिलं शाईच्या टाकीचं. फोटो त्यावर सुरेख आले, पण मी बोट ओलं करून फिरवलं आणि निळा पेला कागदभर पसरला. ते बाद. दुसरं लेझर, छोटं, देखणं, पण आमचा जाड कागद आत वळताना अडकला आणि निघाला तो पन्हाळीसारखा वाकून. तेही बाद. तिसरं बोजड, पण त्याच्या पाठीला एक झाकण होतं. ते उघडलं की जाड कागद आत न वळता सरळ पार होतो. विक्रेत्याने कळ दाबली. मिनिटभरात यंत्र तापलं, घरघरलं, आणि मागून पाण्याचं कार्ड सपाट बाहेर आलं. मी ओलं बोट फिरवलं. पेला जागचा हलला नाही.

"आणि पेटीसोबत येणारी टोनरची नळकांडी पूर्ण भरलेली असतात का?" मी विचारलं.

विक्रेता जरा चपापला. "अर्धवट असतात, मॅडम. पण ते कुणी विचारत नाही."

"मी विचारते," मी म्हणाले. मला कोण आनंद झाला होता!

वहिनी त्याच यंत्रातून निघालेलं लाल ठिपक्याचं कार्ड उजेडाकडे धरून पाहत होती. "हा लाल आपल्या दुकानातल्या लालसारखा नाही," ती म्हणाली. "यात नारिंगी झाक आहे. यांना दुखतंय ते कळायचं नाही." विक्रेत्याने रंग थोडा बदलून पुन्हा छापलं. तरी तिने मान हलवली. तिसऱ्यांदा छापलं. घरून आणलेलं जुनं कार्ड आणि हे शेजारी धरलं तर मलाच काय, विक्रेत्याच्या बापालाही फरक कळला नसता. वहिनीने दोन्ही कार्डं बराच वेळ पाहिली.

"मला नाही जमणार हो हे चालवायला," ती शेवटी हळूच म्हणाली. ही सहावी.

"मी शिकवीन की! बँकेचं नाही शिकवलं?" मी तिच्या पाठीवर थाप मारली. विक्रेत्यानेही तिला फोनवरून चित्र कसं पाठवायचं ते दोनदा दाखवलं. ती दोन्ही वेळा पहिल्या झटक्यात बरोबर शिकली. काय करणार बिचारी, हात हुशार आहेत.

चिरंजीवांनी तिथल्या तिथे फोनवरून पैसे भरले. येत्या शनिवारी यंत्र घरी येणार असं ठरलं. परत येताना वहिनी माझ्यापुढे चालत होती, झपझप. गाडीवाल्याकडे तिने मानही वळवली नाही.

तो शुक्रवार, म्हणजे शनिवारच्या आदला. चारला वहिनी पिशवी घेऊन निघाली. दाराशी जरा घोटाळली, दादाच्या खुर्चीचा ब्रेक तपासला आणि गेली. मी दादाला खिडकीशी बसवून माझा तक्ता काढला. शेवटच्या ओळी भरायच्या होत्या.

पावणेपाच झाले. पाच झाले. फोन लावला तर तो स्वयंपाकघरातच वाजला. चार्जिंगला लावून गेली होती. सव्वापाचला माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी इथे माझा दिवस घालवून बसायचं आणि हिने वेळेचं भान ठेवू नये? राग कशावर तरी काढायचा म्हणून मी दादाच्या पलंगावरची चादर ओढून काढली. धुवायची तरी होईल. भिंतीच्या बाजूला, म्हणजे तो झोपला की त्याच्या डाव्या हाताला येते त्या बाजूला, चादर अडकली. मी गादी उचलली.

खाली कार्डं होती. सतरा. कडेला कड लावून, इतकी नीट रचलेली की जणू खणात ठेवली आहेत. पाण्याचीच आठ. तीन चहा, दोन पंखे, उशी, चष्मा, खिडकी, आणि लाल ठिपका. वहिनी प्रत्येक कार्डाच्या मागे छापल्याची तारीख आणि वार पेन्सिलीने घालते. मी एकेक उलटून पाहिलं. मंगळवार, शुक्रवार, शुक्रवार, मंगळवार. मंगळवारी छापून आलेलं कार्ड गुरुवारी गादीखाली जात होतं.

मी मागे वळले. दादा माझ्याकडेच पाहत होता.

"दादा, हे तू लपवतोस?"

"हं."

"अरे, ती बिचारी सोफ्याखाली झाडू घालून शोधते! तुला गंमत वाटते?"

त्याने डाव्या हाताने ट्रे मागितला. मी तो त्याच्या मांडीवर ठेवला. नखाएवढे स्क्रू चिमटीत धरणारी ती बोटं आता एकाच हाताची उरली आहेत, पण चुकत नाहीत. त्याने चपलांचं कार्ड काढलं.

"बाहेर? आत्ता खाली जायचंय तुला?"

त्याने काळं कार्ड आपटलं. नाही. मग वहिनीचं कार्ड काढलं, झिजलेल्या कडांचं, आणि ते अलगद चपलांच्या कार्डावर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. मग बोट पुढे करून त्याने खिडकीत ठेवलेला माझा तक्ता जवळ ओढला. त्यावर प्रिंटरचं चित्र चिकटवलेलं होतं. काळं कार्ड उचलून त्याने त्या चित्रावर ठेवलं आणि तळव्याने दाबून धरलं.

"हं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आजारापासून ते असंही वाहतं, पण हे तसलं नव्हतं.

ज्या माणसाला स्वतःची कूस बदलता येत नाही, तो गेले कित्येक आठवडे आपल्या बायकोसाठी आठवड्यातून दोनदा दार उघडत होता. त्यासाठी स्वतःच्या तोंडचं पाणी लपवत होता. आणि मी? मी सहा हरकती निकालात काढून त्या दाराला कुलूप घालायला निघाले होते, वर पाठीवर थाप मारून. मी तिला अधूनमधून म्हणायची, जा, जरा फिरून ये, मी आहे ना. ती म्हणायची, कशाला? काम असल्याशिवाय या घरातून पाय बाहेर काढायची तिची छातीच होत नव्हती. त्याच्याखेरीज हे कुणाला कळलं नाही, आणि सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हता.

मी सतराच्या सतरा कार्डं होती तशी रचून गादीखाली ठेवली आणि वर धुतलेली चादर ताणून घातली.

वहिनी पावणेसहाला आली. दारातच दादाकडे पाहून "चुकलं हो माझं, चुकलं," असं तीनदा म्हणाली. चपला काढताना भिंतीला धरून उभी राहिली.

"कुठे होतीस?" मी विचारलं. आवाज चढवायचा नव्हता, पण सवयीने चढला.

"दुकानासमोर बाक आहे ना, तिथे. म्हटलं शेवटचाच शुक्रवार, जरा बसावं. मग उठवेचना."

"इतका वेळ काय केलंस बाकावर?"

"काही नाही." तिने पिशवी खुंटीला लावली. "कुणी हाक मारत नव्हतं, तेवढंच."

ही सातवी. मग ती हात धुवायला आत गेली. तिने आणलेलं नवं पाण्याचं कार्ड टेबलावर होतं, मागे त्या दिवसाची तारीख घातलेलं. मी घरी गेले आणि आधी यंत्राच्या दुकानात फोन केला, मग भाच्याला.

"वायरिंग सोसणार नाही," मी त्याला सांगितलं. "जुनं घर आहे. यंत्र तापताना भार येतो. उगाच काही झालं तर दादाला घेऊन ती कुठे पळणार? मी प्रिंटर माझ्या घरी उतरवून घेते. पत्ता बदललाय."

"आत्या, पण तूच म्हणालीस ना, वायरिंगचं निकालात काढलं म्हणून?"

"चुकलं माझं."

हे वाक्य त्याने माझ्या तोंडून जन्मात ऐकलेलं नव्हतं. "म्हणजे आईला परत बाहेर जावंच लागणार," तो म्हणाला. "आता तर दोन गल्ल्या नाही, तुझं घर म्हणजे वीस मिनिटं चालणं. तिला त्रास होईल, आत्या."

"होईल," मी म्हणाले. "होऊ दे."

शनिवारी यंत्र माझ्याकडे आलं. मी ते जेवणाच्या टेबलावर मांडलं, चारी नळकांड्यांच्या पट्ट्या सोडवल्या, मागचं झाकण उघडून ठेवलं. पत्त्यांच्या मैत्रिणींना कळवलं की माझ्या जागी दुसरी कुणीतरी पाहा, माझे मंगळवार गेले. वाईट वाटलं का? वाटलं. मी काही देवमाणूस नाही. त्या दोन वारांतून आता माझीही सुटका नाही, हे मला पत्ता बदलतानाच कळलेलं होतं.

मंगळवारी पावणेचारला मी दादाकडे गेले तर वहिनी पलंगाखाली वाकलेली.

"वन्सं, पाणी परत गेलं हो. शुक्रवारीच तर आणलं होतं."

मी दादाकडे पाहिलं नाही. पर्समधून माझ्या घराची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "मग जा छापून आण. कागद यंत्राशेजारी ठेवलाय. सावकाश ये. यंत्र तापायलाच वेळ लागतो."

"किती लागतो?"

"तास-सव्वा तास."

ती माझ्याकडे पाहत राहिली. दुकानात यंत्र मिनिटभरात तापलेलं तिने माझ्या शेजारी उभं राहून पाहिलं होतं.

"हो," ती म्हणाली. "लागतोच तेवढा."

तिने पिशवी खुंटीवरून काढली, चपला घातल्या. दाराबाहेर एक पाऊल टाकून परत वळली. किल्ली मुठीत घट्ट धरली होती.

"तुमच्या घरी कुणी नसेल ना आत्ता?"

"कोण असणार? मी इथे आहे."

"मग..." तिला विचारायला संकोच वाटत होता. "मी आतून कडी लावली तर चालेल?"

मी मान डोलावली. ती जिना उतरली, आणि पाचव्या-सहाव्या पायरीनंतर तिच्या पावलांचा वेग वाढल्याचं मला वरून ऐकू आलं.

दार लावून मी आत आले. दादा पलंगावर पडून माझी वाट पाहत होता. खालचं फाटक वाजेपर्यंत तो थांबला. मग डावा हात भिंत आणि गादीच्या फटीत घालून त्याने शुक्रवारचं कार्ड बाहेर काढलं आणि माझ्यापुढे धरलं. निळा पेला.

किती वेळचा तहानलेला होता कोण जाणे. मी मानेखाली हात घालून त्याला सावकाश पाणी पाजलं, तोंड पुसलं, आणि ते कार्ड परत त्याच्या हातात दिलं. त्याने ते होतं तिथे सरकवून ठेवलं.